आमचे उशिराचे टोमॅटो

मी कोणाची निंदा करत नाही. एकतीस वर्षांचा नेम आहे. तेव्हा आमच्या मोहल्ला समितीचे प्रमुख, रईस शोइकराम आका, यांच्याबद्दल मी जे लिहिणार आहे ते निंदा म्हणून वाचू नये. घडलं तेवढंच सांगते आहे. माझे आणखीही काही नेम आहेत. सोमवार-गुरुवारचा रोजा. खोटं न बोलणं. आणि पहाटेची नमाज झाली की सूर्य भालाभर वर येईपर्यंत तिथेच बसून जप करायचा, दुसरा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. हा शेवटचा नेम आमच्या यजमानांना सगळ्यांत जास्त आवडतो.

यंदा मार्च ते जून मी ताश्कंदला लेकीच्या बाळंतपणात होते. निघताना यजमानांना म्हटलं होतं, "परसात काहीतरी लावा." परत येऊन बघते तर परस माझ्या तळहातासारखं स्वच्छ.

"अहो, हे काय?"

"तू 'काहीतरी' म्हणालीस," तोलिबजॉन म्हणाले. "काय, ते कुठे सांगितलंस? मी तुझ्या फोनची वाट बघत होतो."

फोन रोज व्हायचा. पण ते भूगोलाचे शिक्षक होते, तीस वर्षं. प्रश्न नीट विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही ही सवय निवृत्त झाल्यावरही जात नाही.

मी अजून बॅग उघडली नव्हती तोच रईस वही घेऊन आले. परसाच्या मधोमध उभे राहिले, चारही दिशांना बघितलं आणि लिहिलं. मी वाकून वाचलं: 'जमीन: रिकामी. मालकीण: हनिफाखोन. कारण: निष्काळजीपणा.'

ही जमीन माझ्या वडिलांची. माझं नाव मोहल्ल्याच्या कागदावर यापूर्वी एकदाच लागलं होतं, लग्नाच्या वेळी. तिथे आता 'निष्काळजीपणा' हा शब्द माझ्या शेजारी येऊन बसला होता, नात्यातल्यासारखा.

"ओपा, मला वाईट वाटतंय," रईस म्हणाले. ते माझ्याहून वयाने थोरले, पण कागद हातात असला की सगळ्यांना ओपा, म्हणजे ताई म्हणतात. "पण वरून हुकूम आहे. परसातली जमीन पडीक ठेवायची नाही. पंधरा दिवसांत टोमॅटो लावा. वीस ऑक्टोबरला मी तपासायला येईन. पिकलेलं फळ दिसलं तर जमीन तुमची. नाही दिसलं तर कसणाऱ्याला देऊ."

"टोमॅटोच का पण? आता जुलै लागला."

"मी लिहिलंय तसं."

"कधी लिहिलंत?"

"येतानाच. रकाना रिकामा सोडता येत नाही."

जुलैत मार्गिलानच्या बाजारात टोमॅटोचं रोप मागणं म्हणजे ईद होऊन गेल्यावर ईदीचे कपडे शिवायला टाकणं. तीन दुकानदार हसले. चौथ्याने आपल्या बायकोला हसायला बोलावलं. शेवटी एका म्हातारीकडे एका तसराळ्यात एक्केचाळीस रोपं मिळाली. लांबडी, पिवळी, मान टाकलेली. तिने ती बकऱ्यांसाठी ठेवली होती. "न्या हो बाई," ती म्हणाली, "पण यांच्याकडून फार आशा धरू नका. यांचं वय झालंय."

परतीच्या गाडीत माझ्या शेजारच्या माणसाच्या मांडीवर मेंढी होती. मी डोळे मिटून जप करत होते, मेंढीही शांत होती. उतरताना मोजली तर पस्तीस रोपं. मेंढीवाला फार ओशाळला. म्हणाला, "ओपा, हिला एरवी टोमॅटो आवडत नाही." मी तसराळं ओढणीखाली घेतलं. मेंढीची निंदा माझ्या नेमात बसते की नाही याबद्दल मला अजूनही खात्री नाही.

लावणीच्या दिवशी भिंतीपलीकडून सगळा मोहल्ला डोकावला. डाव्या हाताला राहणाऱ्या सानोबार ओपांच्या आणि आमच्या अंगणामध्ये एक दार आहे, ते कधी बंद नसतं. त्या आल्या त्या सल्ला देतच आल्या.

"अशा उन्हात रोप लावतेस? वाफेवर ठेवलेल्या मंतीसारखं शिजेल. प्रत्येकाच्या डोक्यावर कागदाची टोपी घाल. दहा दिवस."

"पस्तीस टोप्या?"

"मग काय पस्तीस पगड्या घालणार आहेस?"

घरात वर्तमानपत्र येत नाही. तेव्हा तोलिबजॉन आतल्या खोलीत गेले आणि तीस वर्षांचे जपून ठेवलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन आले. त्यांचा चेहरा एखादा दागिना विकायला काढल्यासारखा झाला होता. दुपारभर आम्ही दोघं टोप्या वळत बसलो. संध्याकाळी परसात पस्तीस पांढऱ्या टोप्या ओळीने उभ्या, वर्ग भरल्यासारख्या. यजमान कितीतरी वेळ त्यांच्यासमोर हात मागे बांधून येरझारा घालत होते. मी हाक मारली नाही.

इथून खरी गडबड सुरू झाली. उजव्या हाताला नेमतजॉन राहतो. चांगला माणूस, नाक्यावर टायरचं दुकान आहे, तिघांना रोजगार देतो, मोहल्ल्यात शब्दाला वजन आहे. तो एकेकाळी यजमानांचा विद्यार्थी होता. आणि अल्लाची करणी अशी, की त्याच्या भिंतीलगतच्या रोपाच्या डोक्यावर त्याचीच नववीतली उत्तरपत्रिका आली. दर्शनी बाजूला 'अमू दर्या कुठून कुठे वाहते?' असा प्रश्न होता आणि खाली त्याच्या अक्षरात 'वरून खाली' एवढं उत्तर. त्याखाली लाल शाईत पाचापैकी दोन.

हे त्याच्या धाकट्या मुलीने भिंतीवर चढून वाचलं. मोठ्याने. दुकानातले तिघेही त्या वेळी जेवायला आलेले होते.

संध्याकाळी नेमतजॉन भिंतीशी उभा राहिला. गुरुजींना आमच्याकडे मुअल्लिम म्हणतात. "मुअल्लिम," तो म्हणाला, "बावीस वर्षं झाली."

"उत्तर तसं चूक नव्हतं," यजमान म्हणाले. त्यांना समजूत घालायची होती. "अपुरं होतं."

दुसऱ्या दिवशी समितीत अर्ज गेला: हनिफाखोन यांची जमीन वीस ऑक्टोबरनंतर मोकळी झाल्यास ती अर्जदारास गॅरेज बांधण्यासाठी मिळावी. रईसनी तो अर्ज मला वाचूनही दाखवला. गॅरेजचा नकाशा जोडला होता. अमू दर्या वरून खाली वाहते एवढंच ज्याला माहीत होतं, त्याने नकाशात आमच्या द्राक्षवेलीची जागासुद्धा बिनचूक दाखवली होती. यजमान म्हणाले, "याला मी आज चार दिले असते."

त्या दिवसापासून मी रोज दुव्यात टोमॅटोचं नाव घेऊ लागले. आधी आईवडील, मग लेक, नात, मग टोमॅटो. मला थोडा संकोच वाटायचा. पण वडिलांची जमीन होती. तिथे गाड्या उभ्या राहाव्यात असं त्यांना वाटलं नसतं. ते आयुष्यभर गाढवावरून हिंडले.

ऑगस्टात पाटाच्या पाण्याची पाळी आमची आली की नेमकी अस्राच्या, म्हणजे दुपारनंतरच्या अजानची वेळ व्हायची. मी नमाजेला उभी राहिले की यजमान पाणी धरायचे, आणि ते कुठलंही काम पूर्ण केल्याशिवाय सोडत नाहीत. एकदा पाणी सानोबार ओपांच्या कोंबड्यांपर्यंत पोचलं. सप्टेंबरात फुलं आली, फळ धरेना. मग मोहल्ल्यातले सर्वांत वडीलधारे, चौऱ्याऐंशी वर्षांचे योल्दोश ओता, काठी टेकत आले आणि म्हणाले, "झाडं घाबरली आहेत. त्यांना कोणी हात लावत नाही. रोज सकाळी प्रत्येकाशी मुसाफहा करा, हात मिळवा." तेव्हापासून तोलिबजॉन रोज न्याहारीआधी पस्तीस झाडांची फांदी दोन्ही हातांत धरून हलवत आणि "अस्सलाम अलैकुम" म्हणत. आठवड्याभरात फळ धरलं. यात सलामाचा भाग किती आणि हलवण्याचा किती, यावर मशिदीबाहेर वाद झाला म्हणे.

फळ धरलं, पण हिरवं. ऑक्टोबर निम्मा सरला तरी हिरवं. मी रईसकडे गेले.

"हिरवं चालेल का?"

त्यांनी फॉर्म उघडला. "इथे बघा. 'पिकलेले फळ', पुढे दोन शब्द, 'दिसले' आणि 'न दिसले'. मी एक खोडायचा. हिरवं फळ म्हणजे जाडसर पान, ओपा. शिवाय फोटो लावायचा असतो. जिल्ह्याच्या कचेरीत तो रंगीत बघतात."

सानोबार ओपांनी उपाय सांगितला. "बाजारातून दोन किलो लाल आण, दोऱ्याने बांध. फोटोत गाठ दिसत नाही."

यजमान आणायला गेलेसुद्धा. पण माझा खोटं न बोलण्याचा नेम आहे, आणि दोऱ्याने बोललेलं खोटं हे खोटंच. मी ते टोमॅटो कांदा-मिरची घालून कापले. तेवढ्यात रईस आलेच, पुलाव होताच, बसले. "वा, टोमॅटो झकास," ते म्हणाले. "परसातले?"

"बाजारातले."

त्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे फार दुःखाने बघितलं. "ओपा, तुम्ही माणसाला मदतच करू देत नाही."

अठरा तारखेला मात्र रहमत झाली. परसाच्या अगदी टोकाला, द्राक्षवेलीच्या मांडवाजवळ, चार टोमॅटो लाल झाले. पूर्ण लाल. यजमान खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसून राहिले. मी तोडू दिले नाहीत. फॉर्ममध्ये 'दिसले' असं होतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे फळ झाडावर दिसलं तरच ते त्या झाडाचं; तोडून ताटात ठेवलं की बाजारातलंही तसंच दिसतं.

एकोणीस तारखेला दुपारी रेडिओवर सांगितलं, पहाटे दंव पडणार, गोठणार.

प्लास्टिकचा कागद सकाळीच संपला होता. सगळ्या मार्गिलानचे टोमॅटो काही उशिराचे नव्हते, पण माणसं घाबरतात. तेव्हा आम्ही संध्याकाळ होण्याआधी झाडं काठ्यांपासून सोडवली, हलकेच जमिनीवर निजवली, आणि मी संदुकीवरच्या कुरपाच्या काढल्या. लेकीच्या लग्नासाठी शिवलेल्या, ज्या तिने "आई, आमच्या फ्लॅटमध्ये सोफा आहे" म्हणून नेल्या नव्हत्या, त्या लांबट गाद्या. अटलस रेशमाच्या, आत नवा कापूस. अकरा कुरपाच्या ओळीने अंथरल्या. टोकाची लाल टोमॅटोंची जागा उरली. तिथे माझ्या आईने भरलेली सुझानी पसरली. पातळ, मधोमध विरून भोकं पडलेली, पण घरातलं सगळ्यांत मोलाचं कापड तेच, आणि सगळ्यांत मोलाचे टोमॅटोही तेच. वाकून वाकून यजमानांची कंबर धरली. त्यांनी चापानवरून, म्हणजे लांब अंगरख्यावरून, कमरेला फडकं घट्ट आवळून बांधलं आणि झाडाची एक काठी हाताशी घेतली.

पहाटे मी मांडवाखाली नमाज पढले आणि जपाला बसले. रईस लवकर येतो म्हणाले होते, म्हणून तोलिबजॉन दारापुढे रस्त्यावर जाऊन उभे राहिले. अंगात चापान, कमरेला फडकं, हातात काठी, थंडीने डोळे लाल.

आता आमच्याकडे पुरुषमाणूस पहाटे असा दाराबाहेर उभा असला की कोणी काही विचारत नाही. विचारायचं नसतंच. घरात मृत्यू झालाय हे त्या फडक्यानेच सांगितलेलं असतं. मशिदीतून माणसं घरी चालली होती. पहिला जो होता तो थांबला, त्याने यजमानांना मिठी मारली आणि रडू लागला. मग दुसरा. तोलिबजॉनना मी नंतर विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला वाटलं मोहल्ल्यात कोणीतरी गेलं. सगळे रडताहेत, आणि कोण गेलं म्हणून विचारणं बरं दिसेना. म्हणून मीही रडलो."

यजमान दारात रडताहेत म्हणजे गेली कोण, तर मी. पुरुषांनी हे ठरवून टाकलं आणि बोळातून परसात आले. तिथे बघतात तर कुरपाच्या ओळीने अंथरलेल्या. घरात मय्यत असली की लोकांना बसायला असंच अंथरतात. कोण म्हणेल की याच्याखाली भाजी आहे?

ते बसले.

मी मांडवाच्या पानांआडून बघत होते. एक एक माणूस आपल्या वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे खाली टेकत होता. सूर्य अजून क्षितिजावर होता. जीभ दातांखाली धरून मी उठले, दोन्ही हात हलवले, आणि त्याच क्षणी मधल्या दारातून बायका आल्या.

त्यांनी रस्ता बघितलेलाच नव्हता. रडणं भिंतीवरून ऐकू आलं होतं एवढंच. आणि समोर मी उभी, पांढरी ओढणी, तोंडातून शब्द नाही, हात वेड्यासारखे हलताहेत. सानोबार ओपांनी मला कवटाळलं. "गेले गं आपले मुअल्लिम. कोंबड्यांना पाणी पाजणारा माणूस गेला."

म्हणजे मांडवाच्या अलीकडे यजमान वारले होते आणि पलीकडे मी. अर्धा मोहल्ला एकाला रडत होता, अर्धा दुसऱ्याला, आणि दोन्हीकडे आमच्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मला आमच्या संसाराचा हेवा वाटला. पलीकडून योल्दोश ओतांचा आवाज आला, "तिच्या तोंडून कधी वाकडा शब्द नाही." मग नेमतजॉनचा, रडवेला, "मी गॅरेज मागितलं तिच्याकडून. मला दोनच गुण बरोबर होते."

मी परसाकडे बोट दाखवलं. बायकांनी माझे हात धरले. "तिकडे नको बघूस," कोणी म्हणालं. "तिला धरा, तिला रडू येत नाहीये, ते वाईट असतं."

एवढ्यात रईस आले. फोटोसाठी फिकट करड्या रंगाचा नवा सूट घालून आले होते. दारातली गर्दी बघून ते थबकले, फॉर्म खिशात घातला, यजमानांच्या गळ्यात पडले आणि आत आले. मोहल्ल्याचे प्रमुख, त्यांना दाराजवळ कोण बसवणार? माणसं सरकली, हाताला धरून त्यांना सर्वांत आत, मानाच्या जागी नेलं. तिथे सुझानी अंथरलेली होतीच.

जपाची माळ माझ्या हातात होती. मी रईसकडे बघत होते. ते गुडघे मोडून वाकले, सुझानीवरची कलाकुसर बघून क्षणभर थांबले, मला वाटलं अल्लाने ऐकलं, आणि मग त्यांनी आदराने आपलं सगळं वजन त्या भरतकामावर ठेवलं. एकदा डावीकडे हलले. एकदा उजवीकडे. मग नीट बसले.

सूर्याने पलीकडच्या घराची कड सोडली. भालाभर. मी म्हटलं, "उठा."

कोणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज लहान आहे. लेकीला हाक मारायची तर मी जाऊन हात लावते. मी पुन्हा म्हटलं. सानोबार ओपा रडतच होत्या. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. कसं ओरडतात हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे ते जरा जास्तच झालं.

"माझ्या टोमॅटोवरून उठा."

परसातले चाळीस-एक पुरुष एकदम उभे राहिले. एक मेलेली बाई भाजीबद्दल बोलत होती. रस्त्यावरून तोलिबजॉन काठी टेकत धावत आले आणि आता बायका किंचाळल्या. दोन-तीन मिनिटं कोणी कोणाला शिवत नव्हतं. शेवटी योल्दोश ओता पुढे झाले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग यजमानांच्या, आणि म्हणाले, "दोघंही ऊबदार आहेत."

मग कुरपाच्या उचलल्या. त्याबद्दल मी लिहीत नाही. हिरवी चटणी आपण सगळ्यांनीच बघितलेली असते. सुझानी मी स्वतः उचलली. खाली लाल असं काही उरलं नव्हतं. नुसता चिखल आणि चार देठ.

माणसं खाली बघत उभी. रईसनी घसा साफ केला, खिशातून फॉर्म काढला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे मी साक्षीने सांगेन. "ओपा, तुम्ही जिवंत आहात याचा मोहल्ल्याला आनंद आहे," ते म्हणाले. "पण तारीख आजची आहे. पिकलेलं फळ मला काही दिसत नाही. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कसं लिहू?" आणि त्यांनी 'दिसले' हा शब्द खोडायला पेन टेकवलं. नेमतजॉन म्हणाला, "मला नको हो ते गॅरेज." रईस म्हणाले, "तुला नको तर दुसऱ्याला. यादीत आणखी नऊ जण आहेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून सगळ्या बायका ज्याची वाट बघत होत्या तेच. वडील त्या मांडवाखाली चहा प्यायचे.

फॉर्म टेकवायला काही नव्हतं, म्हणून रईस वळले आणि मांडवाच्या खांबावर कागद धरून लिहायला लागले. पाठ आमच्याकडे.

सगळं परस तिकडे बघू लागलं.

"शोइकराम," योल्दोश ओता म्हणाले, "थांब. हलू नकोस."

"का, ओता?"

"फळ आहे."

करड्या सुटाच्या बुडावर, डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना, मोठे लाल गोल उमटले होते. बिया चिकटलेल्या. एका बाजूला तर साल अख्खी, चकचकीत, देठाच्या खुणेसकट. हिरव्या टोमॅटोचा असा डाग पडत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. रईस मान वळवून बघू लागले. जितकी मान वळे तितकं ते फळ पलीकडे जाई. दोन वेळा ते स्वतःभोवती फिरले.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

"तुला नाही दिसणार," ओता म्हणाले. "आम्हा चाळीस जणांना दिसतंय. लाल आहे की नाही रे?"

"लाल आहे," नेमतजॉन म्हणाला. मशिदीत आमीन म्हणावं तसं मागून सगळे म्हणाले, लाल आहे.

"आणि बाजारातला नाही," सानोबार ओपा भिंतीशेजारून म्हणाल्या. "बाजारातला असता तर तिने सांगितलं असतं. मेली तरी सांगितलं असतं."

रईसनी पेन झटकलं. मग त्यांनी खांबावर कागद टेकवून 'न दिसले' खोडलं. खोडून झाल्यावर हळूच म्हणाले, "पण फोटो?"

फोटो नेमतजॉनने काढला. रईसना सूर्याकडे पाठ करून उभं केलं, उजेड चांगला होता. यजमान शेजारी उभे राहिले, मापासाठी काठी धरून. नकाशाला मोजपट्टी हवीच असं त्यांचं म्हणणं. जिल्ह्याच्या कचेरीत माझ्या वडिलांच्या जमिनीच्या कागदांत तो फोटो आता कायमचा लावलेला आहे. चेहरा दिसत नाही. खाली रईसच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: पीक टोमॅटो, प्रत पहिली, जागेवर तपासले.